क्रेडिट कार्डचा 'वेलकम बोनस': फुकटातले पॉइंट्स नेमके कुणाच्या खिशातून येतात?

मॉलच्या दारात, पेट्रोल पंपावर किंवा विमानतळावर एक टेबल मांडलेलं असतं. बाजूला स्टँडी आणि गळ्यात आयकार्ड अडकवलेला एक पोरगा. "सर, कार्ड घेतलंय का? लाइफटाइम फ्री आहे, वर व्हाउचर पण मिळेल." पूर्वी लोक मान वळवून पुढं जायचे. आता उलटं चित्रही दिसतं. रील बघून आलेला एखादा जण थांबून त्या पोरालाच विचारतो, "वेलकम बोनस किती? माइलस्टोन कितीचा? दुसऱ्या वर्षाची फी माफ होते का?"

रीलमधलं गणित साधारण असं असतं. नवं कार्ड घ्यायचं. बँकेनं दिलेल्या मुदतीत ठरलेला खर्च करायचा, बोनसचे पॉइंट्स पदरात पाडून घ्यायचे आणि मग पुढच्या बँकेकडं अर्ज करायचा. वर्षाला अशी चार-पाच कार्डं घेतली की विमानाचं तिकीट फुकट, हॉटेल फुकट आणि फोटो मालदीवचे.

हे शक्य आहे का? आहे. बेकायदेशीर आहे का? नाही. पण बँक म्हणजे काही अन्नछत्र नाही. ओळखपाळख नसलेल्या माणसाला ती हजारो रुपयांची भेट देते, म्हणजे ते पैसे परत येणार याची तिला खात्री असते. ते कुणाकडून परत येतात, हे कळलं की रीलमध्ये न सांगितलेला भाग आपोआप समोर येतो.

खेळ सुरू झाला अमेरिकेत

अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ मध्ये वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी 'माइल्स' देणारी योजना काढली. १९८७ मध्ये सिटी बँकेसोबत त्याच योजनेचं क्रेडिट कार्ड आलं आणि विमानात न बसताही माइल्स मिळायला लागले. पुढं बँकांमध्ये ग्राहक पळवण्याची चढाओढ लागली, तसा कार्ड घेतल्या घेतल्या मिळणारा बोनस वाढत गेला. मग काही लोकांच्या लक्षात आलं की रोजच्या खर्चावर थेंब थेंब पॉइंट्स गोळा करण्यापेक्षा दर थोड्या महिन्यांनी नवं कार्ड घेणं जास्त फायद्याचं आहे. या प्रकाराला तिकडं 'चर्निंग' म्हणतात. चर्निंग म्हणजे घुसळणं. ताक घुसळावं, वर आलेलं लोणी काढून घ्यावं आणि पुढचं भांडं ओढावं, तसाच हा प्रकार.

लोणी काढण्यासाठी लोक कुठवर गेले, याचा एक किस्सा भारी आहे. अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीला एक डॉलरची नाणी लोकांच्या वापरात आणायची होती. म्हणून ती दर्शनी किमतीला घरपोच मिळायची, पाठवण्याचा खर्चही सरकारचा. पॉइंट्सवाल्यांनी क्रेडिट कार्डवर हजारो डॉलरची नाणी मागवली, खोकी तशीच नेऊन बँकेत भरली आणि त्याच पैशातून कार्डचं बिल चुकतं केलं. खर्च शून्य आणि पॉइंट्स मात्र पूर्ण. अखेर जुलै २०११ मध्ये टांकसाळीनं या योजनेतली क्रेडिट कार्डवरची विक्रीच बंद केली.

दुसरा प्रसंग २०१६ चा. जेपी मॉर्गन चेस बँकेनं ऑगस्टमध्ये 'सफायर रिझर्व्ह' हे कार्ड आणलं. वार्षिक शुल्क ४५० डॉलर, पण पहिल्या तीन महिन्यांत ४,००० डॉलर खर्च केले की १ लाख पॉइंट्स. बँकेच्याच पोर्टलवरून प्रवासाचं बुकिंग केलं तर त्यांची किंमत १,५०० डॉलर व्हायची. अर्जांची अशी झुंबड उडाली की कार्ड ज्या धातूचं बनायचं, तोच कमी पडला आणि काही काळ लोकांना प्लॅस्टिकचं तात्पुरतं कार्ड द्यावं लागलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बँकेचे प्रमुख जेमी डायमन यांनी सांगितलं की या एका कार्डमुळं तिमाहीचा नफा २० ते ३० कोटी डॉलरनं कमी होईल. ते मात्र याबद्दल खट्टू नव्हते. पुढच्याच महिन्यात बोनस निम्म्यावर आला, म्हणजे ५० हजार पॉइंट्स.

बँकाही हळूहळू शहाण्या झाल्या. चेसचा '५/२४' नावानं प्रसिद्ध असलेला एक अलिखित नियम आहे. गेल्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकांची मिळून पाच नवी कार्डं घेतली असतील, तर अर्ज सहसा नामंजूर होतो. अमेरिकन एक्सप्रेसनं तर एका प्रकारच्या कार्डावर आयुष्यात एकदाच बोनस, अशी अट आपल्या नियमांतच घातली. तरीही हा उद्योग तिथं जोरात आहे. न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी घरांत 'यंदाचं मुंबईचं तिकीट पॉइंट्सवर काढलं' हे वाक्य काही अनोळखी नाही.

पैसे येतात कुठून?

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात फ्रिज घ्यायला गेल्यावर दुकानदार म्हणतो, "कार्डवर घेणार असाल तर दोन टक्के जास्त लागतील." सगळ्याचं मूळ या वाक्यात आहे. ग्राहकानं कार्ड स्वाइप केलं की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. साधारण दीड-दोन टक्के किंवा थोडे जास्त कापले जातात आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो. त्याला 'इंटरचेंज' म्हणतात. पॉइंट्सचा पैसा आधी इथून येतो.

याचा पुरावा युरोपात आहे. युरोपीय संघानं डिसेंबर २०१५ पासून वैयक्तिक क्रेडिट कार्डवरच्या इंटरचेंजला ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. तिथल्या कार्डांवर अमेरिकेसारखे घसघशीत बोनस दिसत नाहीत, यामागचं मोठं कारण हेच. मडक्यातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

पण नुसत्या इंटरचेंजवर मोठे बोनस परवडत नाहीत. दुसरा झरा व्याजाचा आणि दंडाचा. दर महिन्याला पूर्ण बिल भरणारा ग्राहक बँकेला फारसं कमावून देत नाही. थकबाकी पुढं ढकलणारा देतो. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतल्या अर्थतज्ज्ञांनी मिळून केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यात त्यांनी अंदाज मांडला की रिवॉर्ड कार्डांमुळं दर वर्षी सुमारे १५ अब्ज डॉलर एका गटाकडून दुसऱ्या गटाकडं सरकतात. कमी शिकलेल्यांकडून जास्त शिकलेल्यांकडं, गरिबांकडून श्रीमंतांकडं. विशेष म्हणजे नुसत्या कमाईवरून हे ठरत नाही. चांगली कमाई असूनही कार्ड नीट न सांभाळणारा माणूस दुसऱ्याच्या मालदीवचं बिल भरत असतो.

बँकेच्या नजरेतून बघितलं तर वेलकम बोनस हा ग्राहक मिळवण्याचा खर्च आहे. शंभर नव्या ग्राहकांपैकी काही जण बोनस घेऊन पसार होणार, हे तिनं धरलेलंच असतं. उरलेल्यांपैकी काही जण कधीतरी बिल चुकवतील, काहींना ईएमआयची सवय लागेल, काही जण दुसऱ्या वर्षाची फी भरत राहतील. रील बघणारा प्रत्येक जण स्वतःला पहिल्या गटात धरतो.

आपल्याकडं बोनस छोटा, जीएसटी वेगळा

अमेरिकेतलं गणित भारतात जसंच्या तसं लागू होत नाही आणि इथंच बरेच जण फसतात. आपल्याकडच्या अनेक कार्डांचा वेलकम बोनस म्हणजे जॉइनिंग फीच वेगळ्या रूपात परत मिळालेली असते. एसबीआय कार्डच्या 'प्राइम' कार्डची ओळख अशीच आहे. फी २,९९९ रुपये आणि भेट ३,००० रुपयांचं व्हाउचर. ऐकायला एक रुपयाचा फायदा. पण फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळं खिशातून जातात जवळपास ३,५३९ रुपये. 'सिंपलीक्लिक' कार्डाचं तसंच, ४९९ रुपये फी आणि ५०० रुपयांचं व्हाउचर. जीएसटी धरून भरायचे ५८९. शिवाय व्हाउचर ठरलेल्या दुकानांतच चालतं आणि त्याला मुदत असते. म्हणजे रोख रक्कम देऊन कमी किमतीचं कूपन घेतलं, असा हा सौदा. कार्डाचे बाकीचे फायदे वापरायचे असतील तर ठीक, नुसत्या बोनससाठी नाही.

'लाइफटाइम फ्री' कार्डात ही अडचण नसते, पण तिथं बोनसही बेताचाच असतो. खरी मलई असते ती माइलस्टोनमध्ये. म्हणजे इतक्या महिन्यांत इतके लाख खर्च केले तर इतके पॉइंट्स. आणि तिथंच घसरण सुरू होते. एरवी महिन्याला २० हजार खर्च करणारं घर माइलस्टोनसाठी ३५ हजारांवर जातं. जुना टीव्ही चालत असतो, तरी नवा येतो. दोन हजारांच्या व्हाउचरसाठी १५ हजारांची खरेदी झाली, तर वाचलं काय?

खर्च 'तयार' करण्याच्या वाटाही बँकांनी एकेक करून बंद केल्या. नातेवाइकाच्या खात्यात घरभाडं म्हणून कार्डनं पैसे पाठवायचे आणि ते परत घ्यायचे, ही युक्ती काही वर्षं भलतीच लोकप्रिय होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयसीआयसीआय बँकेनं भाड्याच्या व्यवहारांवर १ टक्का शुल्क लावलं, मग इतर बँकांनी तोच कित्ता गिरवला. वॉलेटमध्ये पैसे भरणं, इंधन, सरकारी भरणा, ईएमआय, यांच्यावर अनेक कार्डं पॉइंट्स देतच नाहीत. मित्रांची खरेदी आपल्या कार्डवर करून माइलस्टोन गाठणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. एका आर्थिक वर्षात कार्डांच्या बिलापोटी १० लाख किंवा त्याहून जास्त भरले, तर कार्ड देणारी बँक ते प्राप्तिकर खात्याला कळवते. पगार आठ लाख आणि कार्डाची बिलं बारा लाख, याचा खुलासा मग मित्रांना नाही, कार्डधारकालाच द्यावा लागतो.

शिवाय पॉइंट्सची किंमत ठरवते बँक, आणि ती बदलतेही बँकच. ॲक्सिस बँकेचं 'मॅग्नस' हे कार्ड पॉइंट्सवाल्यांच्या गळ्यातला ताईत होतं. महिन्याला १ लाख खर्च केला की २५ हजार पॉइंट्स आणि ते विमान कंपन्यांकडं ५ पॉइंट्सला ४ माइल्स या दरानं वळवता यायचे. १ सप्टेंबर २०२३ पासून ती मासिक योजना बंद झाली, वळवण्याचा दर ५ ला २ झाला आणि वार्षिक फी १० हजारांवरून १२,५०० वर गेली. ज्यांनी पॉइंट्स साठवून ठेवले होते, त्यांच्या साठ्याची किंमत निम्म्यावर आली. सोनं साठवावं तसे पॉइंट्स साठवता येत नाहीत.

एक बिल चुकलं तर?

समजा, पुण्यातल्या एका नोकरदार तरुणीनं ३,००० रुपयांच्या बोनससाठी नवं कार्ड घेतलं. बिलाची तारीख महिन्याची ३०. तिनं १ तारखेला ६० हजार रुपयांचा लॅपटॉप घेतला. पैसे भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची २०, म्हणजे ५० दिवस बिनव्याजी. नेमकी त्याच महिन्यात घरी अडचण आली आणि तिनं बिलावर छापलेली 'किमान रक्कम' ३,००० रुपये भरली. तिला वाटलं, उरलेल्या ५७ हजारांवर २० तारखेनंतर व्याज लागेल.

तसं होत नाही. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदतच रद्द होते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं. आपल्याकडं कार्डाचं व्याज अनेक ठिकाणी महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के पडतं. ४५ टक्के धरले तर ६० हजारांवर ५० दिवसांचं व्याज झालं साधारण ३,७०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी आणखी ६६६. म्हणजे जवळपास ४,३६५ रुपये, आणि पुढचं मीटर चालूच. ३,००० चा बोनस पहिल्याच फटक्यात गेला, वर पदरचे हजार-चौदाशे. शिवाय जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत त्या कार्डवरची नवी खरेदीही पहिल्या दिवसापासून व्याजात. किराणासुद्धा.

या व्याजाला मर्यादा नाही का, हा प्रश्न साहजिक आहे. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगानं २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज आकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयानं आयोगाचा तो आदेश रद्द केला. त्यामुळं ३० टक्क्यांची ती भिंत आता नाही.

गृहकर्जाच्या टेबलावर

बोनसची सगळ्यात महाग किंमत मात्र कार्डाच्या बिलात दिसत नाही. ती क्रेडिट रिपोर्टमध्ये नोंदली जाते.

कार्डासाठी अर्ज केला की बँक सिबिलसारख्या संस्थेकडून अर्जदाराचा रिपोर्ट मागवते. ही प्रत्येक चौकशी नोंदली जाते, मग कार्ड मंजूर होवो वा न होवो. स्वतःचा स्कोअर स्वतः तपासला तर काही बिघडत नाही, पण बँकेची चौकशी स्कोअर थोडा खाली आणू शकते. एका चौकशीनं आभाळ कोसळत नाही. चार महिन्यांत पाच चौकशा दिसल्या, की कर्ज देणारा अधिकारी चष्मा वर करून बघतो. या माणसाला इतकी उधारी का लागतेय? त्याला रीलमधली योजना माहीत नसते आणि माहीत असायची गरजही नसते.

नवी कार्डं घेतली की खात्यांचं सरासरी वयही कमी होतं. उलट बाजूनं, एकूण लिमिट वाढल्यामुळं वापराचं प्रमाण घटतं आणि त्याचा फायदाही होतो, हे खरं. काही महिने शिस्तीत गेले तर स्कोअर सहसा सावरतो. प्रश्न वेळेचा आहे. सरकारी बँकांसह अनेक बँका आता गृहकर्जाचा दर स्कोअर बघून ठरवतात. ५० लाखांचं कर्ज, मुदत २० वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे ४३,३९१ रुपये. स्कोअरमुळं दर पाव टक्का जास्त लागला, तर ४४,१८६. महिन्याला फक्त ७९५ रुपयांचा फरक, पण २४० हप्त्यांत तो १ लाख ९० हजारांच्या वर जातो. इतक्या रकमेचे वेलकम बोनस गोळा करायला किती कार्डं लागतील, हे ज्याचं त्यानं मोजावं. म्हणूनच पुढच्या वर्षभरात घर किंवा गाडी घ्यायचा विचार असणाऱ्यानं या खेळाकडं फिरकूच नये.

मग हा खेळ कुणाला जमतो? ज्याच्याकडं खर्च आधीच ठरलेला आहे, म्हणजे मुलांची फी, विम्याचा हप्ता, घरातलं लग्न. त्याच्या खात्यात तेवढे पैसे तयार असतात, पूर्ण बिलाचा ऑटो डेबिट लावलेला असतो आणि नजीकच्या काळात कर्जाची गरज नसते. अशा माणसाला वर्षात एक-दोन कार्डांवर चार पैसे सुटतात. पगारवाढीइतके नाही, पण दिवाळीच्या खरेदीपुरते नक्की.

रील बनवणाऱ्याचं गणित मात्र वेगळंच असतं. 'लिंक बायोमध्ये आहे' असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा त्या लिंकवरून मंजूर झालेल्या कार्डामागं अनेकदा कमिशन असतं. फायदा त्याचा ठरलेला, बघणाऱ्याचा मात्र अटी लागू. एखादं कार्ड 'या वर्षीचं बेस्ट' का आहे, याचं उत्तर कधीकधी त्या कमिशनच्या आकड्यात असतं.

विसरलेलं कार्ड

बोनस घेतला, कार्ड ड्रॉवरमध्ये गेलं. वर्षभरानं ४९९ रुपये वार्षिक फी आणि जीएसटी मिळून ५८९ रुपयांचं बिल येतं. मेल प्रमोशनच्या फोल्डरमध्ये जातो, कुणी बघत नाही. मग उशिराचा दंड, मग व्याज. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला, की बँक ते खातं थकीत म्हणून सिबिलसारख्या संस्थांना कळवू शकते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरा दिवसांनी पाठवावी लागते, त्यामुळं डागही लवकर दिसतो. कर्जाचा अर्ज ५८९ रुपयांवर अडलेला माणूस बँकेत कुणाकुणाला समजावत बसणार?

म्हणून कार्ड नको असेल तर ते ड्रॉवरमध्ये ठेवण्यापेक्षा रीतसर बंद केलेलं बरं, तेही पहिलं वर्ष संपायच्या आत आणि पॉइंट्स वापरून झाल्यावर. फार घाई मात्र करू नये, कारण कार्ड लगेच बंद केलं तर बोनस परत घेण्याची अट काही बँकांच्या नियमांत असते. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये आणलेल्या नियमांनुसार, सगळी बाकी फेडलेली असेल तर कार्ड बंद करण्याची विनंती बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायला हवी. नाही केली, तर खातं बंद होईपर्यंत ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात. न मागता कार्ड पाठवायलाही याच नियमांनी मनाई आहे. तशा कार्डाचं बिल लावलं, तर बँकेला ते रद्द करून वर त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यावी लागते.

कार्ड खरंच बंद झालं का, हे रिपोर्टमध्ये दिसतं. भारतात सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क अशा चार संस्था आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षात एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळवण्याचा हक्क आहे. चुकीची नोंद दिसली तर तक्रार करता येते. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई.